हॅलोविन : दार सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी

मुलांकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या आणि तिथेच कायमचं बस्तान बसवलेल्या ज्येष्ठ वाचकांची हॅलोविनविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पुष्कळ पत्रांचा सूर असा, की हा पोराटोरांचा सण, आपण आपलं आतल्या खोलीत टीव्ही लावून बसावं. आमचं मत नेमकं उलट आहे. हॅलोविनला मुलं वेष करून, कँडी मागत दारोदार फिरतात ती कुणीतरी दार उघडतं म्हणून, आणि 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी साडेपाचला घरात हमखास असणारं माणूस म्हणजे बहुतेक घरांत आजी किंवा आजोबाच. म्हणून यंदाची उत्तरं दारापासून सुरू केली आहेत.

सप्रेम नमस्कार. मुलगा-सून दोघंही ऑफिसातून सातच्या आत येत नाहीत. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, यंदा दार तुम्ही सांभाळा." कँडी किती आणायची, कधीपासून बसायचं, मुलांशी काय बोलायचं, काहीच ठाऊक नाही. गुडघेही कुरकुरतात.
— एक आजोबा, एडिसन, न्यू जर्सी

आधी वेळ. तुमच्याकडे 31 ऑक्टोबरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. 2007पासून अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात, त्यामुळे हॅलोविनच्या संध्याकाळी जास्तीचा उजेड मिळतो. आईबापांचं बोट धरून येणारी अगदी लहान मुलं पाच-साडेपाचलाच येतात. खरी गर्दी सहा ते साडेसात. त्यानंतर येतात ती उंच, मिशा फुटू लागलेली, उशीची खोळ घेऊन फिरणारी मुलं. काही गावांत नगरपालिका वेळ ठरवून देते, ती गावाच्या संकेतस्थळावर पाहा.

पोर्चचा दिवा हीच इथली खूण. दिवा चालू म्हणजे "या", बंद म्हणजे "आमच्याकडे नाही". कँडी संपली, दमलात, की दिवा बंद करा. कुणी वाईट वाटून घेत नाही. मात्र पोर्चचा दिवा बंद आणि आत दिवाणखान्यात झगझगाट असेल तर लहान मुलं चुकून येतातच. समोरचे पडदे ओढून घ्या.

किती आणायची, याचा अंदाज दुकानात येत नाही, शेजाऱ्याकडे येतो. "गेल्या वर्षी साधारण किती मुलं आली होती?" एवढंच विचारा. एकाच शहरात एका गल्लीत पंधरा मुलं येतात आणि दोन रस्ते पलीकडे दीडशे. साठ मुलं म्हणाले, तर प्रत्येकी दोन याप्रमाणे एकशेवीस आणि वर वीस-तीस नग. पाकिटावर 'फन साइझ' लिहिलेली छोटी कँडी घ्यायची. मोठ्या दुकानांत दीड-दीडशे नगांच्या मिश्र पिशव्या मिळतात, त्यातली एक पुरते. खरेदी दोन आठवडे आधी करा. 31 तारखेच्या दुपारी फळीवर कुणालाही नको असलेलाच माल उरलेला असतो.

वाडगं मुलापुढे धरून "घे" म्हणू नका. दहातली आठ मुलं एकच उचलतात, उरलेली दोन मूठ भरतात आणि सात वाजता तुमच्याकडे तळ दिसतो. आपल्या हाताने पिशवीत टाका, प्रत्येकी दोन. पावणेसातला पाहा, निम्म्याहून जास्त संपलं असेल तर तिथून पुढे एकेक. साडेसातनंतर बरंच उरलं असेल तर हात सैल सोडा.

गुडघ्यांसाठी सोपा उपाय आहे, घंटेची वाटच पाहू नका. गॅरेजच्या तोंडाशी किंवा ड्राइव्हवेच्या वरच्या टोकाला हात असलेली खुर्ची आणि एक घडीचं टेबल मांडा. कोविडच्या काळात ही पद्धत फार वाढली आणि पुढेही टिकली. साठ वेळा उठणं-बसणं वाचतं, पायऱ्यांवर मुलांची रेटारेटी होत नाही, शिवाय पूर्ण रस्ता दिसतो. मौज तिथेच आहे, दाराच्या फटीतून नाही. पायात लोकरी मोजे, कानटोपी, मांडीवर पांघरूण आणि थर्मासमध्ये चहा. सूर्य मावळला की तापमान झपाट्याने उतरतं आणि एका जागी बसलेल्या माणसाला ते चालणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतं.

दुपारीच अंगणवाट झाडून घ्या. ओली पानं काँक्रीटवर साबणासारखी निसटतात. वाटेवर आडवी गेलेली दिव्यांची वायर कडेने फिरवा. हवा भरून फुगणारं भूत वगैरे असेल तर त्याचे दोर वाटेवर ताणलेले नाहीत ना, ते अंधार पडल्यावर एकदा चालून पाहा. दिवसा दिसणारा दोर रात्री दिसत नाही.

बोलायचं एवढंच : मूल म्हणेल "ट्रिक ऑर ट्रीट" (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू), तुम्ही म्हणा "हॅपी हॅलोविन!" आणि लगेच, "अँड हू आर यू?" हा प्रश्न सर्वांत सुरक्षित. स्पायडरमॅन आहे की ड्रॅगन हे ओळखण्याची कसरत तुमच्यावर येत नाही आणि मूल खुशीत सांगतं. राजकन्येच्या वेषात मुलगा असेल, कुणी वेषाविनाच आला असेल, तरी टिप्पणी नको. एखादं मूल काहीच बोलणार नाही, "थँक यू"सुद्धा नाही. काही मुलांना बोलता येत नाही, त्यांनाही तितकंच द्या. मिसरूड फुटलेल्यांनाही द्या. वय विचारून परत पाठवणं इथे रूक्षपणाचं मानतात.

आणि आपल्या दोन सवयी त्या संध्याकाळपुरत्या आवरायच्या. गालाला हात लावायचा नाही, आणि "आत ये ना, बस जरा" म्हणायचं नाही. परक्या घराच्या उंबऱ्याआत जायचं नाही असं मुलांना घरून बजावलेलं असतं, तुमच्या अगत्याने ती गोंधळतात. अनोळखी मुलांचे फोटोही काढू नका.

पोरांना विकतची साखर कसली द्यायची? मी साजूक तुपातले बेसनाचे लाडू करून, छान कागदात गुंडाळून देऊ का?
— एक आजी, सनीवेल, कॅलिफोर्निया

नका देऊ. कारखान्यात बंद न झालेला कोणताही खाऊ मुलं घरी गेल्यावर आईबाप बाजूला काढतात आणि तो थेट कचऱ्यात जातो. तुमचं तूपही जाईल आणि मेहनतही.

यामागे अनोळखी माणूस कँडीत विष घालतो अशी जुनी भीती आहे. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी 1958पासूनच्या बातम्या वर्षानुवर्षं तपासल्या, त्यात अनोळखी माणसाने असं करून मूल दगावल्याचा एकही सिद्ध प्रकार त्यांना सापडला नाही. 1974 साली टेक्ससमध्ये सायनाइड घातलेल्या कँडीने एक मुलगा गेला खरा, पण ती त्याच्या वडिलांनीच विम्याच्या पैशासाठी दिली होती. भीती निराधार असली तरी सवय पक्की आहे, आणि घटक न कळणाऱ्या खाऊबाबत अ‍ॅलर्जीवाल्या मुलांची काळजी तर खरीच आहे. लाडू शेजारच्या ओळखीच्या मोठ्यांना द्या, डब्यावर "दूध, तूप, काजू" असं इंग्रजीत लिहून. ते खाल्ले जातील.

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. घरात येणाऱ्या कँडीतलं काय चालतं? नातवाच्या वर्गात एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याला काय द्यावं?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

चघळून खायच्या गोष्टींत सर्वांत मोठी अडचण जिलेटिनची. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. गमी बेअर, मार्शमॅलो आणि अमेरिकेत मिळणारं स्टारबर्स्ट यांत ते असतं. पिवळी-केशरी-पांढरी त्रिकोणी कँडी कॉर्न दिसायला निरागस, पण ब्रॅक्स कंपनीच्या नेहमीच्या पाकिटात जिलेटिनही असतं आणि वर लाखेची, म्हणजे किड्यांपासून मिळणारी, चकाकी. वेष्टनावर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं दिसलं तर ती लाख. स्किटल्समध्ये आता जिलेटिन नाही.

अंड्याचं पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्निकर्स, मिल्की वे आणि थ्री मस्केटियर्स यांच्या मऊ भागात अंड्याचा पांढरा बलक असतो. हर्शीचं साधं मिल्क चॉकलेट आणि किटकॅट यांत अंडं किंवा जिलेटिन नाही. फन साइझच्या सुट्या नगावर बरेचदा घटक छापलेले नसतात, ते मोठ्या पिशवीवर असतात. म्हणून पिशवी फेकण्याआधी मागची बाजू वाचा किंवा फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

अ‍ॅलर्जीसाठी इथे छान प्रथा पडली आहे. दारात निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवला, की या घरी खाण्याव्यतिरिक्तही काही मिळतं असा अर्थ. 'टील पम्पकिन प्रोजेक्ट' नावाने 2014पासून ही मोहीम देशभर चालते. पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणाऱ्या कांड्या, छोटे चेंडू असं वेगळ्या वाडग्यात ठेवा. त्याच वाडग्यात चॉकलेटं मिसळलीत तर वेष्टनावरचा शेंगदाण्याचा अंश पेन्सिलीला लागतो आणि सगळा हेतू फसतो. चमकणाऱ्या कांड्या अ‍ॅलर्जी नसलेली मुलंही मागून नेतात, तेव्हा त्या जरा जास्त आणा.

मधुमेह आहे. रोज ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. समोर तीन तास कँडीचं वाडगं! एखादी खाल्ली तर?
— एक आजोबा, फ्रिस्को, टेक्सस

एखादीने आभाळ कोसळत नाही. फन साइझच्या एका चॉकलेटात साधारण 10 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे तीन खाल्लीत की दोन फुलक्यांचा हिशेब झाला. खायचीच तर जेवणानंतर लगेच, मोजून, आणि तेवढा भात कमी करून. वेष्टनं खिशात ठेवा, फेकू नका. किती झाली ते संध्याकाळच्या शेवटी कळतं. आपल्याला न आवडणारी कँडी वाटायला घ्यावी, हा सल्ला सर्वांत कामाचा.

मात्र तुमच्या बाबतीत आम्हाला साखर वाढण्यापेक्षा घसरण्याची धास्ती जास्त वाटते. ग्लिमेपिराइड घेऊन साडेपाच ते साडेआठ थंडीत बसलात, मुलं येत राहिली आणि जेवण नऊवर गेलं, तर साखर खाली येऊ शकते. पाच वाजताच नीट जेवून घ्या आणि गोळीची वेळ पुढे-मागे करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर वाडग्यातलं चॉकलेट उचलू नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू पोचते. त्याऐवजी स्मार्टीज जवळ ठेवा. अमेरिकन स्मार्टीज म्हणजे दाबून केलेल्या साखरेच्या गोळ्यांची पुडी, चॉकलेट नव्हे. एका पुडीत सुमारे 6 ग्रॅम साखर. तीन पुड्या चावून खा किंवा अर्धा कप फळांचा रस घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या तीन पुड्या आधीच कोटाच्या खिशात टाकून ठेवा.

नातीला माझ्याबरोबर भोपळा कोरायचा आहे. बोटांत संधिवात, पकड राहत नाही. मागच्या वेळी जावयाने सुरीने कोरला तर झाकण आत पडलं आणि चार दिवसांत बुरशी.
— एक आजी, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

भोपळा निवडतानाच निम्मं काम होतं. बूड सपाट हवं, देठ हिरवट आणि घट्ट. नख दाबून सालीत रुतत नसेल तो जून. तळाशी मऊ डाग असेल तर तो चार दिवसांचा सोबती, घेऊ नका. देठाला धरून उचलू नका, तो मोडतो आणि मोडल्या जागेतून कुजायला सुरुवात होते. तुमच्या हातांसाठी पाच-सहा किलोच्या वरचा नको.

सुरी हे या कामाचं हत्यारच नव्हे. भोपळ्याची साल घट्ट, आतला गर ओला. सुरी जोर लावून घुसते आणि मग एकदम सुटते, हात कापतो तो तेव्हा. दुकानात चार-पाच डॉलरला कोरण्याचा संच मिळतो, त्यात बारीक दातांची छोटी करवत असते. ती ढकलायची नसते, सावकाश वर-खाली करायची. मूठ फार बारीक वाटली तर तिच्यावर जुना मोजा गुंडाळून रबरबँड लावा, जाड मूठ दुखऱ्या बोटांना सोपी जाते. भोपळ्याखाली ओलं टॉवेल पसरा म्हणजे तो फिरत नाही.

झाकण आत पडलं, कारण ते सरळ उभं कापलं. करवत देठाच्या दिशेने आत तिरकी धरायची, साधारण 45 अंशांत. मग झाकण बुचासारखं बसतं. कडेला एक छोटी खाच करा, परत लावताना नेमकी जागा सापडते. त्याहून बरं म्हणजे वरून कापूच नका, मागच्या बाजूला तळाजवळ हाताचा पंजा जाईल एवढी खिडकी कापा. देठ शाबूत राहिल्याने वरचा भाग खचत नाही आणि दिवा ठेवायला वाकून आत हात घालावा लागत नाही.

आतले दोरे आणि बिया काढा. ते काम नातीचं, तिला त्या गिळगिळीतपणाचं कौतुक असतं. मग ज्या बाजूला चेहरा करायचा ती भिंत डावाने खरवडून एक इंचापर्यंत आणा. खरी युक्ती ही. जाड भिंत कापताना बोटं दुखतात आणि आतला प्रकाशही बाहेर पडत नाही. फार पातळ केली तर दोन दिवसांत चेहरा आत ओढला जातो. चित्राचा कागद चिकटवून टाचणीने ठिपके पाडा, आधी मधले बारीक आकार (डोळे, नाक), शेवटी मोठं तोंड. उलट केलंत तर भिंत कमजोर होऊन डोळ्यांपाशी चीर जाते.

बुरशीसाठी : चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच, त्यात कोरलेला भोपळा बुडवून घ्या किंवा तेच पाणी कापलेल्या कडांवर फवारा, आणि उलटा ठेवून पूर्ण वाळवा. हे हातमोजे घालून मोठ्यांनीच करायचं. तरी कोरलेल्या भोपळ्याचं आयुष्य थंडीत चार-पाच दिवस, तुमच्याकडे उबदार हवा असेल तर दोन-तीनच. म्हणून 29 किंवा 30 तारखेला कोरा. जावईबापूंनी आठवडाभर आधी कोरला असणार. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा छोटा एलईडी दिवा ठेवा. मुलांचे झगे लांब आणि सिंथेटिक असतात, पटकन पेट घेतात.

आणि बोटं अगदीच ऐकेनाशी झाली तर कोरू नका, रंगवा. अ‍ॅक्रिलिक रंग, आधी पांढऱ्याचा एक हात. न कापलेला भोपळा थंड कोरड्या जागी महिना-दोन महिने सहज टिकतो. फक्त दव गोठण्याची रात्र असेल तेव्हा आत घ्या. एकदा गोठलेला भोपळा वितळला की लगदाच होतो.

तोच भोपळा घारग्यांना चालेल का? गेल्या वर्षी केले तर वातड झाले.
— वरच्याच आजी

कोरायचा भोपळा खाण्यासाठी वाढवलेला नसतो. गर दोरेदार, पाणी भरपूर, गोडी नाही. किसात पाणी जास्त, म्हणून कणीक जास्त मावते, आणि कणीक जास्त झाली की घारगा वातड. 'शुगर पम्पकिन' किंवा 'पाय पम्पकिन' नावाचा दीड-दोन किलोचा छोटा भोपळा घ्या. तोही न मिळाला तर डबाबंद भोपळा उत्तम. तो दाट असतो, वर्षभर मिळतो. डबा नीट वाचा, 'पम्पकिन पाय फिलिंग' नको, त्यात आधीच साखर आणि दालचिनी-लवंग असते.

दोन वाट्या किसाला एक वाटी चिरलेला गूळ. चमचाभर तुपावर कीस परतून त्याचं पाणी आटवा, मग गूळ घालून विरघळेपर्यंतच ठेवा. पुढे आटवत बसलात तर पाक होतो आणि घारगे कडक होतात. पूर्ण निवल्यावर मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढीच कणीक, साधारण दोन ते अडीच वाट्या. गरम असताना पीठ घातलं तर जास्त मावतं, तुमचं बहुधा तिथेच बिनसलं. अर्धा तास झाकून, पुरीपेक्षा जाड थापून, मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर गुळामुळे वरून काळे, आत कच्चे.

कोरलेल्या भोपळ्याच्या बिया मात्र टाकू नका. धुऊन, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, फडक्यावर कोरड्या करा. तेल, हळद, तिखट, हिंग चोळून 350 अंश फॅरेनहाइटला पंधरा-वीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. ओल्याच घातल्या तर वाफवतात, कुरकुरीत होत नाहीत.

नातवंडं म्हणतात, आजोबा तुम्हीही वेष करा. काठी घेऊन चालतो, चष्मा आहे, कानात यंत्र आहे. काय शोभेल?
— एक आजोबा, मिसिसागा, कॅनडा

बुजगावणं. चौकड्यांचा जुना शर्ट, सैल पँट, गवती टोपी, बाह्यांच्या आणि खिशांच्या तोंडाशी सुतळीने बांधलेला राफियाचा (ताडाच्या वाळल्या पट्ट्यांचा) झुबका, गालावर दोन लाल ठिपके. शर्टाच्या आत स्वेटर घातला की बुजगावणं आणखी भरीव दिसतं आणि थंडीही वाजत नाही. काठी त्यात आपसूक खपते. जादूगारालाही काठी लागते, पण झगा लागतो, आणि झगा पायात येतो. कोणत्याही वेषाची खालची कड घोट्याच्या वर हवी, पायात रोजचेच बूट, काठीचं रबरी बूड जागेवर.

मुखवटा नको. चष्म्यावर वाफ धरते, बाजूचं आणि पायांखालचं दिसत नाही. चादरीचं भूत त्याहून वाईट. डोक्यावरून कान झाकणारी टोपी यंत्रावर घासली की शिट्टी वाजते, म्हणून टोपी कानांच्या वर बसणारी. रंग लावायचा तर आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. रंगीत काँटॅक्ट लेन्स दुकानात मिळाल्या तरी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घालू नका, बुबुळाला जखम होते.

वॉकर वापरणाऱ्यांनी त्यावर बॅटरीच्या दिव्यांची माळ वरच्या दांड्यांना गुंडाळावी, चाकांजवळ नको. कँडीची जड पिशवी पुढच्या दांडीला अडकवली तर वॉकर पुढे कलंडतो, ती दोन्ही बाजूंना विभागून लावा.

हॅलोविनला बाहेर जाण्यासारखं काय असतं? मुलगा हाँटेड हाउसची तिकिटं काढतोय. यजमानांना हृदयविकार आहे.
— एक वाचक, पर्सिपनी, न्यू जर्सी

तिकिटं रद्द करायला सांगा. हाँटेड हाउसमध्ये अंधार, मुद्दाम उंचसखल केलेली जमीन, अंगावर धावून येणारे नट, लखलखणारे दिवे आणि धूर सोडणारी यंत्रं असतात. हृदयविकार, अपस्मार, दमा असणाऱ्यांना आत जाऊ नका अशी पाटी बहुतेक ठिकाणी असतेच. प्रवासी विम्यावर आलेल्यांनी तर पडझडीचा धोका पत्करूच नये. मक्याच्या शेतातला चक्रव्यूहही फसवा, आत गेल्यावर पाऊण-एक तास ढेकळांतून चालावं लागतं आणि मध्ये बसायला काही नसतं.

तुमच्यापासून गाडीने जाण्याजोगं म्हणजे हडसन नदीकाठचं 'द ग्रेट जॅक ओ'लँटर्न ब्लेझ'. क्रोटन गावातल्या व्हॅन कॉर्टलंड मॅनर या जुन्या वाड्याच्या आवारात ते 2005 साली सुरू झालं, यंदा कुठे आहे ते तिकीट काढताना पाहा. हाताने कोरलेले हजारो भोपळे. भीती दाखवणं हा हेतूच नाही, प्रकाशाचा खेळ आहे. तिकिटं ठरावीक वेळेची आणि आधीच घ्यायची, शनिवार-रविवार टाळायचा. वाट अंधारी असते, छोटी विजेरी न्या. मॅनहॅटनमधली ग्रीनिच व्हिलेजची मिरवणूक 1974पासून चालते आणि बघण्यासारखी आहे, पण सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला तासन् तास उभं राहणं आलं, स्वच्छतागृह नाही. ती घरी बसून पडद्यावर पाहा.

बॉस्टनकडे जाणं झालं तर सेलम. नॉर्थ स्टेशनवरून लोकल गाडीने अर्धा तास. 1692 साली चेटकाच्या आरोपावरून तिथे 19 जणांना फाशी दिलं. रिबेका नर्स 71 वर्षांच्या होत्या. जाइल्स कोरी तर ऐंशीच्या पुढचे, त्यांना दगडांखाली चिरडलं. आज त्याच गावात टोकदार टोप्या घालून लोक हसतखेळत फिरतात, हे आम्हाला जरा विचित्र वाटतं खरं. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. गेलात तर मंगळवार-बुधवारची सकाळ.

आणि त्या संध्याकाळी पाच ते नऊ स्वतः गाडी चालवू नका. 1975 ते 2016 या काळातल्या अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांचे मृत्यू आजूबाजूच्या आठवड्यांतल्या त्याच वारापेक्षा 43 टक्क्यांनी जास्त आढळले. काळे झगे घातलेली मुलं दोन उभ्या गाड्यांमधून अचानक निघतात.

भुतं, हाडं, कवट्या दारात! अशुभ नाही का? गेल्या खेपेला दिवाळीतच आलं होतं.
— एक आजी, आयर्विंग, टेक्सस

1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस, 2 नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, तिथले लोक अमेरिकेत आले आणि त्यांना मोठा, पोखरायला सोपा भोपळा मिळाला. घरादारावरचं अरिष्ट पळवून लावण्यासाठी भेसूर तोंड लावायचं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. दारावर काळी बाहुली आणि लिंबू-मिरची आपणही बांधतो.

मनाला पटत नसेल तर कवट्या लावू नका. भोपळे, शेवंतीच्या कुंड्या आणि मक्याची वाळली ताटं एवढ्यानेही दार हॅलोविनचं दिसतं, आणि असं दार पुष्कळ अमेरिकन घरांचंही असतं. 2024 साली 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. तेव्हासारखं पुन्हा जुळून आलं तर आकाशकंदील आणि भोपळा एकाच पोर्चवर राहू द्या. फक्त पणत्या मुलांच्या वाटेवर, जमिनीवर नकोत. कठड्यावर, उंच ठेवा.

30 तारखेच्या रात्री कुणीतरी गाडीवर अंडी फोडली. हे काय?
— एक वाचक, हॅमिल्टन, न्यू जर्सी

'मिस्चिफ नाइट'. न्यू जर्सीत आणि आसपास आदल्या रात्री पोरं झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, अंडी मारतात. त्या रात्री गाडी गॅरेजमध्ये आणि भोपळे आत. अंडं पडलंच तर ऊन येण्याआधी कोमट पाण्याने भिजवा, मग मऊ फडक्याने उचला. कढत पाणी ओतलं तर ते शिजून चिकटतं, कोरडं घासलं तर कवचाचे तुकडे रंगावर ओरखडे काढतात, आणि दिवसभर तसंच वाळू दिलं तर वरचा चकचकीत थर खराब होतो. झाडावरचा कागद मात्र कोरडा असतानाच काठीने ओढून काढा. पाऊस लागला की तो हाताला येत नाही.

1 तारखेला भोपळ्यांचं काय करायचं? कचऱ्याच्या डब्यात फार जड होतात.
— एक वाचक, बेलव्ह्यू, वॉशिंग्टन

रंग, मेण, चमकी काहीच लावलेलं नसेल तर फोडून परसातल्या खतात घाला, बिया आधी काढून, नाहीतर उन्हाळ्यात खताच्या ढिगावर वेल चढतो. बऱ्याच गावांत बागेच्या कचऱ्याच्या डब्यात भोपळा चालतो, आतला एलईडी दिवा आणि बॅटरी काढली आहे ना, ते पाहा. न कापलेले, न रंगवलेले भोपळे काही शेतकरी गुरांसाठी घेतात, पण आधी फोन करून. रानात नेऊन टाकू नका. रंगवलेला भोपळा कचऱ्यातच जातो. तो अंगणातच फावड्याने फोडा आणि तुकडे दोन पिशव्यांत भरा, म्हणजे डबा ओढताना कंबर धरणार नाही.